भट्टी नसेल तर कोरान्युलीनचा नाद सोडावा का?

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘मी बडोद्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ऑरगॅनिक. प्रकल्पासाठी कोरान्युलीन करायचं डोक्यात आहे. पण वाचलं त्यात सगळीकडे हजार अंशांची भट्टी. ती आमच्याकडे नाही. सर म्हणतात, नाद सोड. हातात चार महिने आहेत. दुसरी वाट आहे का? आणि एक बावळट शंका. ॲरोमॅटिक रेणू सपाट हवा असं शिकलो, मग हा वाडगा ॲरोमॅटिक कसा?’

(नवख्यांसाठी: कोरान्युलीन म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा वाडग्यासारखा खोलगट रेणू, आणि ॲरोमॅटिक म्हणजे ज्याच्या कड्यांत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात आणि त्यामुळे जो स्थिर असतो असा.) शंका अजिबात बावळट नाही. उलट तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दुसऱ्यातच दडलेलं आहे, म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. मी पोस्टडॉकची अडीच वर्षं या वाकड्या रेणूंवर घालवली. नंतर बडोद्याला परतलो आणि नंदेसरीच्या बाजूला एका कारखान्याच्या आर अँड डीमध्ये निवृत्तीपर्यंत रंगद्रव्यांची मध्यस्थ रसायनं करत राहिलो. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात थोडं वाचलेलं आहे, बरंचसं हात भाजून शिकलेलं आहे.

आधी हे सांगतो की बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. विभागात नायट्रोजनची लाइन धड आहे का, प्रखर दिवा लावून दोन-तीन दिवस सलग रिॲक्शन चालू ठेवायला कुणी देईल का, एनएमआरसाठी (रेणूची रचना ओळखायचं यंत्र) नंबर किती दिवसांनी लागतो, हे मला इथून दिसत नाही. पण ‘भट्टी नाही म्हणून कोरान्युलीन नाही’ हे कारण १९९० च्या दशकातलं आहे. आज ते टिकत नाही.

आता वाडग्याकडे. तुमच्या घरी कधी पानांच्या पत्रावळी लावल्या असतील तर हे लगेच कळेल. पत्रावळ सपाट. तीच पानं घेऊन द्रोण करायचा तर काय करतो? कडेची एक पाचर आत दुमडतो, पान पानावर चढवतो आणि काडी टोचतो. पाचर गेली की पान आपोआप खोलगट होतं, वेगळं दाबावं लागत नाही. (आपल्याकडे बडोद्यात वाढपी त्याला पडियोच म्हणतात, ते सोडा.) ग्राफाइटचा पत्रा हा षटकोनांची पत्रावळ. मधल्या षटकोनाभोवती सहा षटकोन लावले की कोरोनीन होतो: चोवीस कार्बन, बारा हायड्रोजन, एकदम सपाट. त्यातली एक पाचर काढा, म्हणजे मध्ये पंचकोन ठेवून त्याच्याभोवती पाच षटकोन. हा कोरान्युलीन: वीस कार्बन, दहा हायड्रोजन, आणि हा द्रोण.

आकडे बघायचे तर सरळ हिशेब आहे. मधल्या पंचकोनाच्या प्रत्येक कार्बनपाशी एक पंचकोनाचा कोन १०८ अंश आणि दोन षटकोनांचे १२०-१२०. बेरीज ३४८. सपाट कागदावर ३६० हवेत. बारा अंश कमी पडतात, आणि ते कमी पडलेले बारा अंश म्हणजेच तो खोलगटपणा. तळातल्या पंचकोनाच्या पातळीपासून कडेच्या कार्बनांच्या पातळीपर्यंत मोजलं तर कोरान्युलीनच्या वाडग्याची खोली ०.८७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) भरते. मध्ये पंचकोनाऐवजी सप्तकोन ठेवला तर उलटं होतं, पान जास्त होतं आणि रेणू घोड्याच्या खोगिरासारखा वळतो. तोही केलेला आहे.

मग ॲरोमॅटिकपणाचं काय? ‘सपाट हवा’ हा नियम पुस्तकात जितका कडक छापतात तितका निसर्गात कडक नाही. खरी अट अशी की शेजारशेजारच्या कार्बनांचे पी-ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वावरायच्या जागा, एकमेकांशी बऱ्यापैकी समांतर असावेत, म्हणजे इलेक्ट्रॉनांना फिरायला वाट राहते. वाडग्यात ते थोडे फाकतात, वाट अरुंद होते, बंद होत नाही. कोरान्युलीनच्या बाहेरच्या कडेला वर्तुळाकार प्रवाह ॲरोमॅटिक पद्धतीनेच फिरतो. आतल्या पंचकोनात मात्र तो उलट दिशेचा असल्याचं गणितं दाखवतात. म्हणजे एकाच रेणूत कडेला एक स्वभाव, तळाशी दुसरा. इतकं वाकूनही हा रेणू २६८ अंशांना वितळतो आणि हवेत बाटलीत बिनघोर राहतो, यातच त्याच्या स्थैर्याबद्दल सगळं आलं. ॲरोमॅटिकसाठी ‘सुगंधी’ हा आपल्या पाठ्यपुस्तकांतला शब्द मी मुद्दाम टाळतोय. पुढे नॉरबॉर्नाडाईन या उग्र वासाच्या रसायनाची बाटली उघडाल तेव्हा का ते कळेल.

पण वाट अरुंद करण्याची किंमत असते. मला एवढंच एक सांगायचं आहे, बाकी सगळं त्याचा विस्तार. कार्बनचा पत्रा सपाट राहू पाहतो. त्याला वाकवायचं तर ऊर्जा भरावी लागते, आणि ती कुठे ना कुठे भरावीच लागते. कोरान्युलीन करण्याच्या प्रत्येक पद्धतीत वेगळेपणा एवढाच की ती किंमत कोणत्या टप्प्यावर आणि कशाने भरली. तुमच्या प्रयोगशाळेत कोणत्या प्रकारचं ‘चलन’ आहे ते बघा, वाट आपोआप ठरते.

पहिल्यांदा हा रेणू १९६६ मध्ये झाला, मिशिगनमध्ये, बार्थ आणि लॉटन या दोघांच्या हातून. सतरा टप्पे, शेवटी हाती आलेलं उत्पादन एका टक्क्याहूनही कमी. पण त्यांची चाल हुशारीची होती. त्यांनी आधी सांगाडा बराचसा हायड्रोजन भरलेला, म्हणजे वाकायला तयार असलेला बांधला. एसपी-३, म्हणजे चार एकेरी बंधांच्या, कार्बनांना कोनाची एवढी फिकीर नसते. अगदी शेवटी पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजन काढून घेतला, आणि ॲरोमॅटिक होण्यातून सुटणाऱ्या ऊर्जेनेच वाकण्याची किंमत चुकती झाली. आज या वाटेने जायचा सल्ला मी वैऱ्यालाही देणार नाही, पण ही कल्पना लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा भेटेल.

मग १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना साठ कार्बनांचा चेंडू सापडला आणि विसरलेल्या वाडग्यांकडे सगळ्यांचं लक्ष परत गेलं. त्या चेंडूतले वीस कार्बन उचलले, कडेला हायड्रोजन लावले, की कोरान्युलीन. तुमच्या पुस्तकातली भट्टी याच काळातली. लॅरी स्कॉट यांच्या गटाने १९९१ मध्ये फ्लॅश व्हॅक्यूम पायरोलिसिसने तीन-चार टप्प्यांत कोरान्युलीन केलं. कच्चा माल म्हणजे ७ आणि १० या जागांवर अल्काईन (तिहेरी बंधाचा गट) लावलेला फ्लुओरँथीन, हा एक सपाट बहुचक्रीय रेणू. निर्वातात त्याची वाफ साधारण हजार अंश तापलेल्या क्वार्ट्‌झच्या नळीतून क्षणभर जाते. एवढ्या उष्णतेत दोन गोष्टी घडतात. रेणू इतका थरथरतो की एरवी लांब असलेली टोकं क्षणभर जवळ येतात. आणि अल्काईनमधला हायड्रोजन शेजारच्या कार्बनवर सरकून व्हिनिलिडीन हा अतिचंचल तुकडा तयार होतो, तो समोरच्या कार्बन-हायड्रोजन बंधात घुसतो. कडा शिवली जाते. सुरुवातीला उत्पादन दहा टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे अल्काईनऐवजी क्लोरोव्हिनिल गट वापरून ते बरंच वाढलं.

इथे किंमत उष्णतेने, रोख भरली. पण रोख व्यवहारात सुटे पैसे परत मिळत नाहीत. एका वेळी मिलिग्रॅमांत माल, बाकीचा नळीच्या भिंतीवर काळा डांबरी थर. मी जिथे पोस्टडॉक करत होतो तिथे एकदा रात्री मी व्हॅक्यूम नीट न तपासता भट्टी लावली. सकाळी नळीला उभी भेग, ट्रॅपमध्ये तपकिरी राळ, आणि तीन आठवड्यांची मेहनत हवेत. बॉस काही बोलले नाहीत, नुसती ती नळी माझ्या टेबलावर ठेवून गेले. पेनस्टँड म्हणून ती अजून माझ्याकडे आहे. त्यामुळे भट्टी नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

आता तुमच्या कामाची वाट. सीगल यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवून दिलं की हे द्रावणात, साध्या काचसामानातही जमतं. कडेच्या चार गटांवर एकेक ब्रोमीन लावलेल्या फ्लुओरँथीनच्या कडा त्यांनी कमी-संयुजेच्या टायटेनियमने जोडल्या. पण ती रिॲक्शन नाजूक, विरल द्रावणात, थेंबथेंब. खरी सोय झाली २००० च्या सुमारास सिगूला आणि राबिडो यांच्यामुळे. त्यांनी प्रत्येक मिथिलवर एकाऐवजी दोन ब्रोमीन बसवले, म्हणजे चार जागी मिळून आठ. आणि मग काय केलं? हा ऑक्टाब्रोमाइड डायऑक्सेन आणि पाण्यात, सोडियम हायड्रॉक्साइड टाकून थोडा वेळ रिफ्लक्स केला, म्हणजे वाफ परत आत पडेल असा उकळला. बस. समोरासमोरच्या दोन सीएचबीआर-२ गटांतून दोन एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) निघून जातात आणि मध्ये दुहेरी बंधाचा पूल बसतो, त्याच्या दोन्ही टोकांवर एकेक ब्रोमीन राहतो. असे दोन पूल बसले की १,२,५,६-टेट्राब्रोमोकोरान्युलीन, उत्पादन ऐंशी टक्क्यांच्या वर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ज्या बंधासाठी आम्ही हजार अंश जाळत होतो तो कास्टिक सोड्याने बसतो.

मग इथे वाकण्याची किंमत कुणी भरली? ब्रोमीननी. आठ कार्बन-ब्रोमीन बंध बसवताना तुम्ही रेणूत आधीच ऊर्जा साठवून ठेवता आणि शेवटी एचबीआर सुटताना ती खर्च होते. पैसे भरलेच, फक्त हप्त्याने.

आता हप्ते कुठे जड जातात ते नीट ऐका, कारण चार महिन्यांतले तीन तिथेच जातील.

कच्चा माल २,७-डायमिथिलनॅफ्थालीन. त्याला ऑक्झॅलिल क्लोराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड देऊन बाजूला दोन कार्बोनिलचा पूल बांधायचा, म्हणजे डायमिथिल-ॲसिनॅफ्थीनक्विनोन. इथे ॲल्युमिनियम क्लोराइड ताजं असू द्या. जुन्या बाटलीतला ओलसर गोळा तुमचा एक आठवडा खाईल. मग ३-पेंटॅनोनबरोबर अल्कलीत दुहेरी संघनन. त्यातून मिळणारा कार्बिनॉल ॲसेटिक ॲनहायड्राइडमध्ये नॉरबॉर्नाडाईनबरोबर तापवायचा. हा टप्पा माझा लाडका आहे. सायक्लोपेंटाडाईनोन जागेवर तयार होतो, नॉरबॉर्नाडाईनशी डील्स-आल्डर (दोन रेणू जोडून नवी कडी करणारी रिॲक्शन) होतं, मग कार्बन मोनॉक्साइड उडून जातो आणि मागोमाग सायक्लोपेंटाडाईनही. शेवटी नॉरबॉर्नाडाईनमधले फक्त दोन कार्बन रिंगमध्ये उरतात. म्हणजे ॲसिटिलीनच वेश बदलून आलेलं, सिलिंडर न आणता. हाती येतो १,६,७,१०-टेट्रामिथिलफ्लुओरँथीन. पण नॉरबॉर्नाडाईन ८९ अंशांना उकळतं आणि तुम्हाला १४० च्या आसपास जायचंय, तेव्हा दाब सहन करणारी बंद नळी लागेल, ढाल लागेल, आणि फ्यूम हूड खरोखर ओढतो का ते आधी कागदाची चिंधी धरून बघा. वास कपड्यांना दोन दिवस राहतो. माझ्या बायकोने मला एकदा घरात घेण्याआधी ओसरीवरच शर्ट काढायला लावला होता.

आणखी एक गोष्ट पेपरांत कुणी लिहीत नाही: ॲसेटिक ॲनहायड्राइड आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखालचं नियंत्रित रसायन आहे. विभागाच्या स्टोअरमध्ये ते असेल तर रजिस्टरसकट असेल. नसेल तर मागवायला कागदपत्रं लागतात. ही चौकशी पहिल्या दिवशी करा, तिसऱ्या महिन्यात नको.

मग ब्रोमिनेशन. एनबीएस (एन-ब्रोमोसक्सिनिमाइड, ब्रोमीन देणारं रसायन) आणि दिवा. चार मिथिलवर मिळून आठ ब्रोमीन बसवायचे, आणि शेजारशेजारचे गट एकमेकांना ढोसतात, त्यामुळे सातवा-आठवा फार रेंगाळतो. जुन्या कृतींत कार्बन टेट्राक्लोराइड दिसेल, पण मॉन्ट्रियल करारानंतर ते असं सहज मिळत नाही, आणि यकृताच्या दृष्टीने नाही मिळत तेच बरं. आम्ही क्लोरोबेंझीनमध्ये करायचो. तुमच्याकडे जे असेल त्यात आधी शंभर मिलिग्रॅमवर करून बघा. अर्धवट ब्रोमीन झालेल्या मिश्रणातून ऑक्टाब्रोमाइड वेगळा करायचा कॉलमने (क्रोमॅटोग्राफीने) प्रयत्न करू नका. तो फारसा कशात विरघळत नाही. उलट त्याच दुर्गुणाचा फायदा घ्या: गरम धुवा, गाळा, पुन्हा धुवा. बेंझिलिक ब्रोमाइड डोळ्यांत पाणी आणतात. हातमोज्याने चुकून कपाळ पुसलंत तर आयुष्यभर आठवण राहील.

मोठ्या प्रमाणावरही हीच वाट टिकली, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवतो. २०१२ मध्ये सीगल यांच्या गटाने नऊ टप्प्यांत सव्वा किलोहून जास्त कोरान्युलीन केल्याचं प्रसिद्ध केलं. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या पेपरातलं वाचायला आवडतं ते म्हणजे त्यांनी कुठे कुठे कॉलम टाळला. १९६६ च्या एका टक्क्यापासून बघता ही फार लांबची मजल आहे.

इथवरचं थोडक्यात: भट्टी नको, ब्रोमीन-कास्टिकची वाट घ्या. टेट्रामिथिलफ्लुओरँथीनपर्यंत दोन महिने, ऑक्टाब्रोमाइडला एक, आणि टेट्राब्रोमो एका दुपारी. त्यातले ब्रोमीन ब्युटिललिथियमने काढून पाण्याने थांबवलं की कोरान्युलीन. कोरडं ईथर आणि लिथियम हाताळायचा सराव नसेल तर टेट्राब्रोमोवर थांबलात तरी प्रकल्प पुरा होतो, आणि तसं तुमच्या सरांना आधीच सांगून ठेवा.

एक आडवाट सांगून ठेवतो. कोरान्युलीन काही सूक्ष्म-रसायन विक्रेत्यांकडे विकतही मिळतं, महाग आहे. तुमचा प्रश्न ‘कसं करायचं’ असेल तर करा. ‘हे वागतं कसं’ असा असेल तर सरांना पटवून शंभर मिलिग्रॅम विकत घ्या आणि चार महिने त्याच्या वागण्यावर घालवा. दुसरा प्रकल्प मला जास्त आवडेल. संश्लेषण अनेकांनी केलंय, पण या वाडग्याचं वागणं अजून पुरतं ओळखीचं झालेलं नाही.

वागण्यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे वाडगा पालथा होतो. पावसात वाऱ्याने छत्री उलटते तसा. मध्ये क्षणभर सपाट होतो आणि दुसऱ्या बाजूला खोल होतो. हे होतं हे कळलं कसं? साध्या कोरान्युलीनच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये काहीच कळत नाही, कारण दहाही हायड्रोजन सारखेच, ७.८ पीपीएमच्या आसपास एक सरळ रेघ. उलटला काय, न उलटला काय, रेघ तीच. स्कॉट यांनी १९९२ मध्ये कडेला एक गट लावला: एका कार्बनवर एक हायड्रॉक्सिल आणि दोन मिथिल. वाडगा गोठलेला असेल तर त्याची आतली आणि बाहेरची बाजू वेगळी, म्हणून दोन मिथिलना दोन वेगळे सिग्नल. वाडगा भराभर उलटत असेल तर दोघांची सरासरी, एकच सिग्नल. खोलीच्या तापमानाला एकच दिसतो, उणे ६४ अंशांच्या सुमाराला दोन फुटतात. त्यावरून अडथळा निघाला साधारण १०.२ किलोकॅलरी प्रति मोल, म्हणजे खोलीच्या तापमानाला सेकंदाला दोन लाखांहून जास्त वेळा उलटापालट. ‘वाकण्याची किंमत’ म्हणून मी इतका वेळ जे म्हणतोय, त्याची ही उलट बाजू: एकदा वाडगा झालेला हा रेणू आता वाकडाच बरा असतो. सपाट व्हायला इतकं द्यावं लागतं.

विभागातल्या एनएमआरला कमी तापमानाची सोय असेल तर हा प्रयोग स्वतः करून बघण्याजोगा आहे. नसेल तर सुमानीनबद्दल वाचा, कारण तिथे ही सोय लागतच नाही. सुमानीनमध्ये एकवीस कार्बन, बारा हायड्रोजन, कडेला तीन सीएच-२ चे पूल. हा वाडगा कोरान्युलीनपेक्षा खोल, १.१ अँगस्ट्रॉमच्या वर, आणि कडक. त्याचा अडथळा वीस किलोकॅलरीच्या जवळ. म्हणजे सेकंदाला लाखो वेळा नाही, तर अर्ध्या-एक मिनिटात एखादी उलटी. एनएमआरच्या हिशेबाने तो गोठलेलाच. म्हणून एकाच सीएच-२ मधले दोन हायड्रोजन खोलीच्या तापमानालाच वेगवेगळे दिसतात: एक ४.७ ला, एक ३.४ ला, दोन स्वच्छ डब्लेट (जोडरेघा). वाडग्याच्या आत डोकावणारा हायड्रोजन ३.४ चा. पहिल्यांदा तो स्पेक्ट्रम पाहिला तेव्हा मला वाटलं, वाडग्याची खोली कागदावर उमटली आहे.

आणि या नावाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सुमानीन हे नाव आपल्या ‘सुमन’वरून आलं आहे, फूल या अर्थी. हैदराबाद विद्यापीठात गोवर्धन मेहता यांच्या गटाने १९९३ मध्ये हा रेणू करायचा प्रयत्न केला तेव्हा हे नाव दिलं. त्यांनी ट्रायफेनिलीनच्या कडा भट्टीत शिवायचा प्रयत्न केला आणि तिसरा पूल काही बसला नाही. सपाट, ताठ ट्रायफेनिलीन एवढं वाकायला तयार झालं नाही. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, ओसाकात साकुराई, दाइको आणि हिराओ यांनी उलट्या दिशेने येऊन ते केलं. कच्चा माल कोणता असेल? तेच आपलं वासाचं नॉरबॉर्नाडाईन. तीन तुकडे एकत्र आणून आधी एसपी-३ कार्बनांचा, मुळातच खोलगट सांगाडा बांधला. मग मेटाथेसिसने कड्या उघडून नव्याने जोडल्या आणि अगदी शेवटी डीडीक्यूने हायड्रोजन काढून ॲरोमॅटिक केलं. बार्थ-लॉटनची चाल, पण आधुनिक हत्यारांनी: वाकडं आधी बांध, सुगंधी शेवटी कर. (वापरलाच शेवटी तो शब्द.)

वाडग्याला दोन चेहरे असतात हेही बघा. सपाट कोरोनीनला वर-खाली फरक नाही, त्याचा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे विद्युतभार एका बाजूला किती झुकलाय त्याचं माप, शून्य. कोरान्युलीनचा मोजला तर २.०७ डिबाय, पाण्याच्या १.८५ पेक्षा जास्त. निव्वळ कार्बन-हायड्रोजनचा रेणू आणि पाण्यापेक्षा जास्त ध्रुवीय! विद्यार्थ्यांना हे सांगितलं की अर्धे मान हलवतात आणि अर्धे गूगल करतात. स्फटिकातही स्वभाव वेगळे. सुमानीनचे वाडगे एकात एक नीट रचले जातात, लग्नाच्या पंगतीआधी द्रोणांची चळत लावतात तसे, आणि त्या चळतीच्या दिशेने इलेक्ट्रॉन इतर दिशांपेक्षा सोपे वाहतात. कोरान्युलीन मात्र अशी शिस्त पाळत नाही, त्याचे रेणू कडा एकमेकांच्या पोटात खुपसून आडवेतिडवे बसतात. धातू जोडताना बाहेरची फुगीर बाजू सहसा आधी मिळते, पण सुमानीनमध्ये लोखंडाचा एक गट आतल्या बाजूने बसल्याचं २००७ मध्ये दाखवलं गेलं. त्याच वर्षी सिगूला यांनी दोन कोरान्युलीन एका बिजागिरीला बांधून चिमटा केला, जो साठ कार्बनांचा चेंडू दोन्ही तळहातांत धरावा तसा पकडतो.

आणि इलेक्ट्रॉन. कोरान्युलीन लिथियमबरोबर एक-दोन नाही, चार इलेक्ट्रॉन घेतो. १९९४ मध्ये हे एनएमआरवरून दाखवलं गेलं. त्यात दोन वाडगे पाठीला पाठ लावून मध्ये लिथियमचे आयन धरून बसतात. पुढे त्याचा स्फटिकही मिळाला आणि दोन वाडग्यांमध्ये पाच लिथियम मोजता आले. बॅटऱ्यांच्या गप्पा मारणाऱ्यांना हे फार आवडतं. मला स्वतःला ही उडी लांबची वाटते. वीस कार्बनांत चार इलेक्ट्रॉन ठीक, पण किलोला येणारा खर्च बघितला की कारखान्यातला माणूस गप्प बसतो. तुमच्या प्रस्तावात ‘ऊर्जा साठवणुकीसाठी उपयुक्त’ हे वाक्य सवयीने लिहू नका. परीक्षक विचारतील कसं, आणि उत्तर नसेल.

तुमच्या सरांशी बोलताना एक युक्ती. ‘कोरान्युलीन करते’ म्हणण्याऐवजी ‘ऑक्टाब्रोमाइडपर्यंतचं ब्रोमिनेशन कोणत्या द्रावकात किती पुरं होतं ते बघते’ म्हणा. हा खरा, छोटा, चार महिन्यांत मावणारा प्रश्न आहे. अपयश आलं तरी तक्ता भरतो, आणि यश आलं तर कास्टिकची एक दुपार जास्त लागते. सरांना भट्टीची भीती आहे, तुमच्या कुवतीची नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही भट्टीला नाहीच म्हटलं असतं.

आणि सुरुवातीची यादी: २,७-डायमिथिलनॅफ्थालीन कुठे, किती दिवसांत मिळतं याची चौकशी. ॲसेटिक ॲनहायड्राइडचं रजिस्टर. बंद नळी आणि ढाल. २०० किंवा ३०० वॅटचा दिवा आणि त्याला लावायचा पंखा, कारण आपल्या एप्रिलमध्ये फ्लास्क नुसत्या खोलीनेच तापतो. एनबीएस जुनं पिवळट असेल तर गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक करून घ्या. सगळे बहुचक्रीय रेणू हातमोज्यांशिवाय हाताळायचे नाहीत, वजन करतानाही नाही. टेट्राब्रोमो हाती आला की सहज विरघळणार नाही, तेव्हा ‘एनएमआरमध्ये काहीच दिसत नाही’ म्हणून घाबरू नका, गरम टेट्राक्लोरोईथेनमध्ये घ्या आणि स्कॅन वाढवा. आणि पुढे जाऊन कोरान्युलीनची ती ७.८ ची एकटी रेघ आलीच, तर तिच्याशेजारी क्लोरोफॉर्मची ७.२६ ची रेघ दिसते का तेही बघा. माझ्या पहिल्या स्पेक्ट्रममध्ये मी क्लोरोफॉर्मलाच कोरान्युलीन समजून अर्धा तास नाचलो होतो.